मी न मोजलेली छिद्रं

निहार आणि अन्वी,

कुमुद आत्याआजीला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुम्हाला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. "माझ्यासाठी कुणाला विमानात बसवू नका," असं तिने स्वतःच सांगून ठेवलं होतं.

परवा रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, आत्याआजी नक्की काय काम करायची?" मी म्हणाले, "गाईंच्या रोगांवर संशोधन." तू "अच्छा" म्हणालास आणि आपण तुझ्या परीक्षेवर बोलायला लागलो. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. जिच्याबरोबर एका घरात चव्वेचाळीस वर्षं काढली, तिचं आयुष्य मी तीन शब्दांत गुंडाळून टाकलं.

दुसरंही एक कारण आहे. तिचं काम एकदा माझ्या हातून बिघडलं. त्यामुळे तिची परदेशी जाण्याची संधी गेली की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुमच्या आईलाही हे माहीत नाही. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ही गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं. तिच्याविषयी लिहायला बसले तर शोकसभेतलं भाषण होऊ लागलं, म्हणून ती पानं फाडली. आता तिच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

कुमुद,

पहिली दुरुस्ती तूच केली असतीस. "गाईंच्या रोगांवर नाही, वहिनी. एका रोगाच्या एका विषाणूच्या एका प्रथिनावर." आणि मग बोट वर करून, "तेही अर्धवट."

कमळाबाईपासून सुरुवात करते, कारण तूही तिथूनच करायचीस. उरणच्या वाटेवरचं तिचं गाव, जिथून आता न्हावा शेव्याचे कंटेनर रात्रंदिवस जातात. तेव्हा तिथे भातशेती होती आणि कमळाबाईच्या गोठ्यात तीन गाई होत्या. मी इंग्रजी शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तुझ्याबरोबर आले होते. कमळाबाई दारातच उभी होती.

"डाक्तरीन बाय, माजी गाय गाभडली गो. सात महिने झालं व्हतं. वासरू मेलेलंच पडलं."

तू गाईच्या नाकाशी वाकलीस. नाक लाल, डोळ्यांतून पाणी.

"बाजारातून नवी गाय आणली होती का?" तू विचारलंस.

"आनली. बरी हाय ती. तिला काय पन नाय झालं."

"तिचंच काम असेल."

"काय बोलतंस! ती तं गरीब हाय, शिंगपन नाय उगारीत."

मी हसले, तू हसली नाहीस. तिन्ही गाईंच्या नाकातून बोळे फिरवून घेतलेस, रक्त घेतलंस, सगळं बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलंस. रस्त्यावर ट्रक अडकले होते म्हणून आपण मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईची लाँच धरली. लाँचमध्ये शेजारची कोळीण सारखी थर्मासकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "काय गो, म्हावरं हाय का? कंचं?" तू शांतपणे म्हणालीस, "गाईच्या नाकातला शेंबूड." ती आपली टोपली उचलून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी तुझ्यावर चिडले होते. माणसांशी असं बोलतात का, म्हणून. तू म्हणालीस, "खरं तेच सांगितलं. तू इंग्लिशमध्ये सांगितलं असतंस, एवढाच फरक."

तपासणीत नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, गाईंना होणारा विषाणू निघाला. त्याहून तुला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. नव्या गाईच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर होती. म्हणजे तिचं शरीर लढलं होतं, पहारा चोख होता, आणि तरी विषाणू आत तगून होता. "पहारेकरी जागा आहे, वहिनी, आणि चोर घरात फिरतोय. कसा?" हा प्रश्न घेऊन तू सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडलीस आणि चाळिशीला टेकलेली असताना मुंबईच्या संस्थेत शिकाऊंच्या रांगेत जाऊन बसलीस. तुझ्या दादाने डोक्याला हात लावला. मला तुझा थोडा हेवा वाटला होता, हे आज सांगते.

मुलांनो, तिने मला हे स्वयंपाकघरात समजावलं तसंच तुम्हाला सांगते. या विषाणूला बाहेरून एक पातळ वेष्टन असतं. ते त्याचं स्वतःचं नसतं, ज्या पेशीत तो वाढला तिच्याच पडद्याचा तुकडा तो अंगावर घेऊन निघतो. त्या वेष्टनावर त्याची स्वतःची प्रथिनं टोचलेली असतात. काही प्रथिनं पेशीला चिकटतात, काही तिचं दार उघडतात. पण एका पेशीतून दुसरीत जायला त्याला दोन वाटा असतात. एक उघड्यावरची: पेशीतून बाहेर पडायचं, रक्तात नाहीतर शेंबडात तरंगायचं आणि नवी पेशी शोधायची. तिथे प्रतिद्रव्यं त्याला गाठतात. दुसरी वाट शेजारधर्माची.

"तू आणि जोशीकाकू," कुमुद, तू ओट्यावर पिठाने दोन घरं काढून म्हणालीस, "अळूचं फदफदं केलं की पुढच्या दाराने, चपला घालून, जिना उतरून देतेस का? गॅलरीतल्या मधल्या भिंतीवरून वाटी सरकवतेस. खाली वॉचमन बसलाय, त्याला फदफद्याचा पत्ताच नाही."

पेशी एकमेकींना चिकटून असतात तिथे, त्या मधल्या भिंतीशी विषाणूला नेऊन पोचवायचं काम वेष्टनावरची दोन प्रथिनं जोडीने करतात, असं तेव्हा नुकतं कळू लागलं होतं. शास्त्रज्ञांनी त्यांना ई आणि आय अशी अक्षरं दिली होती. तू त्यांना नवरा-बायको म्हणायचीस.

"यातला नवरा कोण?" मी विचारलं.

"जो एकटा असला की धड उभाही राहू शकत नाही तो."

तुझा दादा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "ऐकू येतंय मला."

तुझ्याकडे दोन प्रकारचे विषाणू आले होते. एक जसाच्या तसा, दुसऱ्यातून ई बनवायची सूचनाच काढून टाकलेली. काचेच्या वाटोळ्या तबकडीत गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा एक पातळ थर वाढवायचा, त्यावर विषाणूचे मोजके कण सोडायचे आणि वरून जेलीसारखं घट्ट द्रव्य ओतायचं. मग विषाणूला पोहत दूर जाता येत नाही. जायचं तर शेजारीच. जिथे एक कण पडला तिथल्या पेशी मरतात, मग त्यांच्या शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या. काही दिवसांनी तो थर रसायनाने जागच्या जागी गोठवून, आपण पूर्वी घशाला लावायचो त्या जांभळ्या औषधाने रंगवायचं. तोवर जिवंत राहिलेल्या पेशी जांभळ्या होतात, मेलेल्यांच्या जागी पांढरं छिद्र उरतं. छिद्र जितकं मोठं तितका विषाणू भिंतीवरून सरकण्यात तरबेज. ई नसलेल्याची छिद्रं लहान आली तर तुझं म्हणणं खरं.

मोजणारा माणूस असा हवा की कुठली तबकडी कुठल्या विषाणूची हे त्याला माहीत नसेल. नाहीतर डोळा आपोआप हवं तेच बघतो. तुझ्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तू तबकड्यांचे मोठे फोटो काढून घरी आणलेस, मागे फक्त आकडे टाकलेस आणि माझ्यासमोर ठेवलेस.

"मला यातलं काय कळतं?" मी म्हणाले.

"काही कळत नाही म्हणून तर तू. शिवाय तुझ्याइतकं नीटनेटकं या घरात कोण आहे?"

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. शाळेतून आल्यावर, वह्या तपासून झाल्या की मी मुलीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर आणि पट्टी घेऊन बसायची. छिद्राच्या दोन कडांवर टोकं टेकवायची, पट्टीवर लावायची, वहीत आकडा लिहायचा, मोजून झालेल्या छिद्राशेजारी पेन्सिलीचं बारीक टिंब. माझ्या वह्या बघून तू म्हणालीस, "हे फ्रेम करून लावायला हवं."

सहा आठवड्यांनी तू आकड्यांची बेरीज-सरासरी केलीस. फरक नव्हता. ई असला काय, नसला काय, छिद्रं जवळजवळ सारखीच.

तू रडली नाहीस. गॅलरीत उभी राहून घरासमोरच्या तळ्याकडे बघत होतीस. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तुला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, याच कामासाठी. तू त्यांना लिहिलंस, की मला काही सापडलं नाही, तेव्हा रिकाम्या हाताने येणं बरं दिसणार नाही. त्या पत्राचं इंग्रजी मीच तपासलं. एक स्वल्पविराम काढला. तू ते पोस्टात टाकलंस आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

चार महिन्यांनी, एका दुपारी, तू कपाट आवरताना तो फोटोंचा गठ्ठा खाली काढलास. मी मसुराची डाळ निवडत होते. तुझा आवाज अजून ऐकू येतो, अगदी साधा, जराही न चढलेला.

"वहिनी, यांच्याजवळ टिंब का नाही?"

मी चष्मा लावून बघितलं. फोटोभर पुष्कळ छिद्रं होती ज्यांच्याजवळ माझं टिंब नव्हतं. दोन छिद्रं एकमेकांत मिसळलेली, कडा फाटलेली, कुठे तीन मिळून एखाद्या बेटासारखी झालेली.

"ती नीट नव्हती," मी म्हणाले. "वाकडीतिकडी. आणि दोन एकत्र झालेली. मी फक्त चांगली घेतली."

"चांगली?"

"गोल. सुटी."

तू खाली बसलीस, अगदी जमिनीवर. माझ्या सुपाकडे बघितलंस, बाजूला काढलेल्या खड्यांकडे बघितलंस.

"तू माझी छिद्रं डाळीसारखी निवडलीस, वहिनी."

मला समजायला वेळ लागला. जो विषाणू भिंतीवरून भराभर सरकतो त्याचीच छिद्रं वाढून एकमेकांना भिडणार. जो सरकू शकत नाही त्याची लहान, गोल, सुटी राहणार. म्हणजे मी जसाच्या तसा असलेल्या विषाणूची मोठी छिद्रं बाजूला टाकत गेले आणि दोघांची लहानच मोजली. कुणी मुद्दाम लबाडी करायची ठरवली असती तरी इतकी नेमकी साधली नसती. मला कुणी सांगितलं नव्हतं की वाकडी टाकून दे. जन्मभर जे आलं ते निवडूनच घ्यायची सवय. तांदूळ, डाळ, निबंध, शब्द.

मी तुला सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मग तू आधी सांगायला हवं होतंस, जोडलेली कशी मोजायची ते."

आणि तू म्हणालीस, "बरोबर आहे. मी नियम लिहून द्यायला हवा होता."

संस्थेत जाऊन तू तेच सांगितलंस. मोजमापाचा नियम मी ठरवला नव्हता, चूक माझी आहे. कुणी मोजलं ते सांगितलं नाहीस. तुझे साहेब म्हणे सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं." हे तू नाही, तुझ्या मैत्रिणीने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की झालं ते थोडक्यात मिटलं.

कुमुद, आपलं खरं भांडण त्यानंतरच्या आठवड्यात झालं. तू प्रयोग नव्याने लावलास, नवे फोटो काढलेस आणि पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवलेस. मी हात लावला नाही.

"दुसऱ्या कुणाला तरी दे."

"दुसऱ्या कुणाला कशाला?"

"मी बिघडवलं म्हणून!"

"म्हणूनच तुला. तुझी ही चूक करून झालीय. नवा माणूस आणला तर त्याची व्हायची असेल."

"तू माझ्यावर उपकार करतेयस."

"वहिनी, उपकार करायला मला वेळ नाही. शुक्रवारपर्यंत हवंय."

या वेळी तू नियम लिहून दिला होतास, एका कागदावर, चार ओळींत. जोडलेलं छिद्र कसं धरायचं, फाटकी कड कुठून कुठे मोजायची, एकही छिद्र सोडायचं नाही. मी एकही सोडलं नाही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत मोजलं. शुक्रवारी नाही, पण रविवारी दिलं. तू आकडे जुळवलेस आणि या वेळी फरक आला, आणि तो स्पष्ट होता. ई नसलेल्याची छिद्रं निम्म्याहून लहान. शिवाय तू काही तबकड्यांत वरच्या जेलीमध्ये प्रतिद्रव्यं मिसळली होतीस, कमळाबाईच्या गाईच्या रक्तातली. जसाच्या तसा विषाणू त्या पहाऱ्यातही शेजारच्या पेशीत शिरत राहिला होता. भिंतीवरून वाटी जातच होती.

तुझा लेख छापून आला तेव्हा शेवटी आभारांत तुला माझं नाव घालायचं होतं. मी नको म्हणाले. "माझ्यासारख्या मास्तरणीचं नाव कशाला असल्या कागदावर," असं काहीतरी बोलले. तू वाद घातलास, दोन दिवस घातलास, मग सोडून दिलास. मी विनयाने नाही म्हणत नव्हते. मला शरम वाटत होती. तुला ते कळलं होतं का? कळलं असणार. तुला गाईच्या नाकावरून सगळं कळायचं, माझ्या तोंडावरून न कळायला काय झालं.

परदेशातून पुन्हा बोलावणं आलं नाही. म्हणजे आलं नाही असं मी धरून चालले. तू अर्ज पुन्हा केलास की नाही, हे विचारायची माझ्यात हिंमत नव्हती. तू इथेच राहिलीस, या घरात, पनवेलहून जात-येत राहिलीस. गावोगावी गोठ्यांत हिंडलीस. रोग होऊन गेलेल्या गाईच्या नसांमध्ये हा विषाणू जन्मभर झोपून राहतो आणि तिला ताण आला की उठतो, हे बायकांना समजेल असं सांगत राहिलीस. कमळाबाईने विचारलं होतं, "मंग ही बाजारची गाय ठेवू का नको?" तू तिला फसवलं नाहीस. "ती बरी आहे, पण मोकळी नाही. ठेवायची तर वेगळी बांध. गाभण गाईंजवळ नको." कमळाबाईने ती ठेवली, वेगळी बांधली आणि मरेपर्यंत तिला शेलक्या शिव्या घालत चारा घातला.

मग जमिनी गेल्या, गोठे गेले. तू निवृत्त झालीस, तुझा दादा गेला, आणि घरात आपण दोघीच उरलो. भाजी निवडायला तू माझ्यासमोर बसायचीस आणि मी किडकं पान बाजूला काढलं की म्हणायचीस, "टिंब काढ त्याच्याजवळ." मी रागवायची. आता कबूल करते, मला ते आवडायचं. ज्या गोष्टीवर आपण बोलू शकत नव्हतो तिला तू हात लावून जायचीस, दुखणार नाही इतकाच.

शेवटच्या महिन्यात तू बिछान्यावर होतीस. एका दुपारी मी चहा घेऊन आले आणि धीर करून विचारलं, "कुमुद, तेव्हा गेली असतीस तर?"

"कुठे?"

"तिकडे. मोठी झाली असतीस."

"पाच फूट एक इंच. याहून मोठी काय होणार होते?"

मी कप पुढे केला. तू तो न घेता माझ्याकडे बघितलंस.

"वहिनी, तुला विचारायचंय एक आणि तू विचारतेयस दुसरंच."

मी म्हणाले, "चहा गार होतोय."

तू दोन घोट घेतलेस. तीन दिवसांनी तुझं बोलणं थांबलं. मला अजून वेळ आहे असं वाटलं होतं.

तेव्हा विचारायचं होतं ते आता विचारते. माझ्यामुळे तुझं जाणं राहिलं का? याचं उत्तर आता मिळणार नाही आणि मी ते माझ्या सोयीचं बनवणार नाही. तू इथे सुखी होतीस असं लोक भेटायला येऊन सांगतात. कदाचित होतीसही. पण सुखी असणं आणि काही न गमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू गमावलेलं मला गोल करून, कडा नीट करून मोजायचं नाही. जसं आहे तसं ठेवते. मला माफ कर, कुमुद. हे चार शब्द म्हणायला मी तीस वर्षं लावली आणि त्या तीस वर्षांत तू एकदाही ते मागितले नाहीस.

आणि आभार. बिघडलेलं काम पुन्हा त्याच हातात दिल्याबद्दल. शाळेत मी शेकडो मुलांच्या वह्या तपासल्या. त्या रविवारनंतर चुकलेल्या मुलाची वही मी लाल करून परत दिली नाही. "पुन्हा कर आणि मलाच दाखव," म्हणायला लागले. का, ते मुलांना माहीत नव्हतं. तुला सांगायचं राहून गेलं.

निहार, अन्वी, तुमची आत्याआजी गाईंच्या एका विषाणूच्या वेष्टनावरच्या एका प्रथिनावर काम करायची. ते प्रथिन विषाणूला पहाऱ्याच्या नकळत शेजारच्या पेशीत पोचायला मदत करतं. पुढे जगात इतरांनी हेच प्रथिन वगळून लस बनवली. त्यामुळे लस टोचलेली गाय आणि रोग होऊन गेलेली गाय रक्तावरून वेगळी ओळखता येते. त्या लशीत तिचा वाटा होता असं मी म्हणणार नाही, तिनेही म्हटलं नव्हतं. तिचा लेख एका जुन्या नियतकालिकात आहे, फारसा कुणी वाचत नसेल. त्यात माझं नाव नाही, ते माझ्याच हट्टामुळे.

पण त्यातली मापं मी घेतलेली आहेत, एकही छिद्र न सोडता. ती तेव्हा बरोबर होती. आजही बरोबर आहेत.